आयर्लंडचं डिफेन्स बजेट वाचायचंय? आधी माणसं मोजा, टक्केवारी नंतर

आयर्लंडच्या सैन्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिल्या दोन ओळीत एकच आकडा अंगावर येतो, जीडीपीच्या पाव टक्का खर्च, युरोपात सगळ्यात तळाला, आणि मग पुढची सगळी चर्चा त्याच आकड्यावर, कोण म्हणतं फुकटे आहेत, कोण म्हणतं न्यूट्रल देशाला सैन्य हवंच कशाला. दोन्ही बाजूंनी बजेट उघडून बघितलेलं नसतं. खरं तर हे बजेट वाचायला फार अवघड नाही, देश छोटा, लोकसंख्या साधारण ५४ लाख, सैन्य अख्खं साडेसात हजारांचं, त्यामुळे एका संध्याकाळी बसून पूर्ण चित्र समजू शकतं. फक्त कुठल्या क्रमाने वाचायचं ते माहीत पाहिजे, आणि माझ्या मते बहुतेक लोक क्रम उलटा लावतात.

पहिली गोष्ट, कुठले कागद लागतात ते सांगून टाकतो. ऑक्टोबरमध्ये बजेट जाहीर होतं, त्यात फक्त मोठा आकडा मिळतो. डिसेंबरात रिव्हाइज्ड एस्टिमेट्स येतात, त्यात खरी फोड असते, पगाराला किती, पेन्शनला किती, खरेदीला किती. आणि वर्ष संपून गेल्यावर, पुढच्या सप्टेंबरच्या आसपास, कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल अप्रोप्रिएशन अकाउंट्स काढतात, म्हणजे मंजूर किती होते आणि खर्च किती झाले. चौथी जागा म्हणजे डॉल, त्यांचं संसदेचं खालचं सभागृह, तिथे खासदार लेखी प्रश्न विचारतात आणि डिफेन्स मिनिस्टर आकडे देतात. हे सगळं फुकट आणि ऑनलाइन आहे. बातमी वाचण्यापेक्षा हा कागद वाचायला कमी वेळ लागतो, खोटं वाटेल पण खरंय.

आता टक्केवारीचं झंझट आधी निपटवूया, कारण ते डोक्यात राहिलं तर पुढचं नीट दिसत नाही.

आयर्लंडचा जीडीपी हा त्या देशात खरोखर किती पैसा फिरतो त्याचं माप नाहीये. तिथे कर कमी म्हणून मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांचे हिशोब तिथे ठेवलेले, पेटंट तिथे, विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्या तिथे. २०१५ मध्ये तर तिथला जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढलेला दाखवला, कारण काय तर काही कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली. लोकांच्या खिशात त्यातलं काही आलं नाही. त्यानंतर तिथल्या स्टॅटिस्टिक्स ऑफिसने २०१७ पासून एक वेगळं माप काढलं, मॉडिफाइड जीएनआय, म्हणजे सुधारून मोजलेलं राष्ट्रीय उत्पन्न, सगळे त्याला जीएनआय-स्टार म्हणतात, त्यात हा फुगवटा बराचसा काढून टाकलेला असतो.

२०२४ घ्या. डिफेन्सला १.२३ अब्ज युरो. जीडीपी साधारण साडेपाचशे अब्जांच्या वर, भागाकार केला की ०.२२ टक्के. तेच जीएनआय-स्टारने, जो साधारण ३२० अब्जांच्या आसपास, भागलं की ०.३८. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पण लक्षात घ्या, ०.३८ सुद्धा युरोपियन युनियनमध्ये तळालाच बसतो, त्यामुळे "बघा, आकडा चुकीचा होता, आयर्लंड बरोबरच करतोय" असं म्हणायची सोय नाही. माप बदललं की लाज थोडी कमी होते, एवढंच. लक्झेंबर्गचीही हीच अडचण, तिथेही जीडीपी फुगलेला, म्हणून नाटोमध्ये त्यांनी आपलं टार्गेट जीएनआयवर मोजायची परवानगी घेतली. आयर्लंड नाटोमध्ये नाही, त्यामुळे त्याला कुणाला उत्तर द्यायचं नाहीये, आणि हाच कदाचित मूळ प्रॉब्लेम आहे, पण ते जाऊ दे.

आता तो १.२३ अब्ज किंवा जो काय आकडा असेल तो फोडा. आयरिश बजेटमध्ये डिफेन्सच्या नावावर दोन वेगळ्या पेट्या आहेत, व्होट ३५ आणि व्होट ३६. ३६ म्हणजे चालू सैन्य, ३५ म्हणजे आर्मी पेन्शन. २०२२ चं उदाहरण सोपं आहे, एकूण १.१०७ अब्ज, त्यातले ८४ कोटी व्होट ३६ ला आणि २६.७ कोटी पेन्शनला. म्हणजे चार युरोतला जवळजवळ एक युरो ज्यांनी युनिफॉर्म उतरवून ठेवलाय त्यांच्यासाठी. पेन्शन घेणारे आहेत बारा-तेरा हजार, सैन्यात हजर त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. यात वाईट काही नाही, पेन्शन द्यायलाच पाहिजे, नाटोवाले पण आपल्या हिशोबात पेन्शन धरतात, त्यामुळे दुसऱ्या देशाशी तुलना करताना ती काढून टाकू नका. पण "आयर्लंडने जहाजं-विमानांवर इतका पैसा घातला" असं वाक्य लिहायचं असेल तर आधी हा चौथा हिस्सा बाजूला ठेवा.

इथवर आलात की मग खरं काम सुरू होतं. माणसं.

दोन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. एक, मंजूर जागा किती. दोन, त्या जागांवर प्रत्यक्ष किती. आयर्लंडच्या कायमस्वरूपी सैन्यात बरीच वर्षं मंजूर जागा ९,५०० होत्या, त्यात आर्मी ७,५२०, एअर कोअर म्हणजे हवाई दल ८८६ आणि नेव्हल सर्व्हिस १,०९४. बेरीज करून बघा, बरोबर येते. आणि २०२३ च्या शेवटी प्रत्यक्षात होते साडेसात हजारांच्या आसपास. दोन हजार जागा रिकाम्या, पाचातली एक खुर्ची रिकामी. २०२४ मध्ये घसरण थांबली, आकडा जवळपास तिथेच राहिला, आणि सरकारने त्याचा मोठा गाजावाजा केला. आता आकडा खाली गेला नाही हीच मोठी बातमी होते तेव्हा परिस्थिती काय असेल ते समजून घ्या.

नुसता शेवटचा आकडा बघून थांबू नका, आत किती आले आणि बाहेर किती गेले ते दोन्ही शोधा. डॉलमधल्या उत्तरांत हे नेहमी मिळतं. २०२२ मध्ये भरती झाले साडेचारशेच्या आत, सोडून गेले जवळपास नऊशे. हा रेशो एकदा बघितला की बजेटच्या भाषणातल्या "आम्ही भरती मोहीम जोरात राबवणार" या वाक्याकडे बघायची नजर बदलते. भरती जोरात असली तरी मागचा दरवाजा सताड उघडा असेल तर काय उपयोग. आणि जे जातात ते बारा-पंधरा वर्षं शिकवून तयार केलेले टेक्निशियन, इंजिनियर, एनसीओ म्हणजे सार्जंट-कॉर्पोरल, आणि जे येतात ते कालपरवा शाळेतून निघालेले, त्यामुळे एक गेला एक आला म्हणजे हिशोब बरोबर झाला असं नाही. सार्जंट तयार व्हायला वर्षं लागतात, त्याला बजेटमध्ये वेगळी ओळ नाही.

नेव्हीचं बघूया जरा जवळून, कारण सगळा प्रकार तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

कॉर्क हार्बरमध्ये हॉलबोलिन नावाचं बेट आहे, अख्ख्या देशाच्या नेव्हीचा एकच तळ तिथे. जहाजं आठ. त्यातली चार सॅम्युएल बेकेट क्लासची, २०१४ ते २०१९ मध्ये आलेली, चांगली नवीन, नावं लेखकांची, बेकेट, जॉइस, येट्स, शॉ. दोन त्याआधीची, नीव्ह आणि रोशीन. आणि दोन छोटी, न्यूझीलंडकडून २.६ कोटी युरोला घेतलेली सेकंडहँड, २०२३ मध्ये आली. त्याआधी २०२२ च्या जुलैमध्ये तीन जुनी जहाजं एकदम रिटायर केली, त्यात फ्लॅगशिप एथना पण होतं.

आता एक हिशोब करा. बेकेट क्लासच्या एका जहाजाचा क्रू ४४ चा. नीव्ह आणि रोशीन पण साधारण तेवढाच. छोट्या दोन्हींना वीसेक माणसं पुरतात, ती घेतलीच त्यासाठी. सहा गुणिले ४४ झाले २६४, वर चाळीस, म्हणजे आठही जहाजं एकाच वेळी समुद्रात काढायची म्हटली तर तीनशेच्या आसपास माणूस. नेव्हीत हजर आहेत साडेसातशेच्या आसपास. मग अडचण काय? तरी गेली काही वर्षं एका वेळी समुद्रात जेमतेम दोन जहाजं असतात आणि बाकीची धक्क्याला बांधलेली, गाड्या डेपोत लावलेल्या आणि ड्रायव्हर नाही असा प्रकार.

अडचण अशी की नाविक कायम समुद्रावर राहू शकत नाही. पद्धत अशी की साधारण दोन वर्षं जहाजावर, दोन वर्षं किनाऱ्यावर. म्हणजे तीनशेचे झाले सहाशे. मग तळ चालवायला माणूस लागतो, वर्कशॉपला लागतो, नवीन पोरांना शिकवायला लागतो, जे शिकतायत ते तर जहाजावर धरताच येत नाहीत, कुणी आजारी, कुणी मॅटर्निटी लीव्हवर, कुणी कोर्सला. १,०९४ चा आकडा उगाच हवेतून आलेला नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ४४ माणसं म्हणजे कुठलीही ४४ नाहीत. इंजिन रूमचा अनुभवी आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ, नसेल, इलेक्ट्रिशियन नसेल, तर बाकी ४२ जण जेट्टीवर उभे असले तरी जहाज सुटत नाही. हे लोक कोण पळवतं? कॉर्कच्या आजूबाजूला असलेले औषधांचे कारखाने, डेटा सेंटर, विंड एनर्जीवाले, ज्यांना हाच मेकॅनिक हवाय, तो रात्री घरी जेवायला असतो आणि पगार जास्त. नेव्हीने २०२१ पासून दोन वर्षं समुद्रावर राहायची तयारी दाखवणाऱ्याला १०,००० युरो द्यायची स्कीम आणली. बरी आहे, पण दोन वर्षांनी तो माणूस पुन्हा तोच हिशोब करणार.

म्हणून तुम्ही कुठल्याही छोट्या देशाची नेव्ही वाचत असाल तर जहाजांची संख्या वाचून पुढे जाऊ नका, क्रू गुणिले जहाजं करा, दुप्पट करा, वर तळाची माणसं टाका, मग हजर आकड्याशी लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के बातम्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

एअर कोअरचं पण असंच. डब्लिनजवळ बाल्डोनेलला त्यांचा तळ, आणि काही वर्षं अशी गेली की तो रात्री आणि वीकेंडला बंद असायचा कारण एअर ट्रॅफिक कंट्रोलर पुरेसे नव्हते. विमानं होती, पायलट होते. कंट्रोलर नव्हते. फायटर जेट तर नाहीतच, पीसी-९ नावाची ट्रेनर विमानं आहेत ज्यांना थोडीफार हत्यारं लावता येतात. वेळ आली तर आयर्लंडचं आकाश सांभाळायचा ब्रिटनच्या आरएएफशी, म्हणजे हवाई दलाशी, गुपचूप समझोता आहे असं वर्षानुवर्षं छापून येतं आणि सरकार त्यावर तोंड उघडत नाही.

आता पैशाकडे परत या, पण माणसांचा कागद हातात ठेवूनच. पगाराच्या ओळीत एक गंमत असते जी पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बजेटमध्ये पगाराची तरतूद जास्त माणसांची, हजर माणसं कमी, मग पैसे उरतात. कित्येक वर्षं हे उरलेले पैसे वर्षाच्या शेवटी पूरक मागणीतून व्होट ३६ मधून व्होट ३५ मध्ये गेलेत, म्हणजे सैनिक नाहीत म्हणून वाचलेल्या पगारातून पेन्शनचा खड्डा भरला. कागदावर सगळं नियमात, कुणी चोरी केलेली नाही. पण एखादा मंत्री म्हणाला "यंदा डिफेन्सवर विक्रमी खर्च" तर अप्रोप्रिएशन अकाउंट्समध्ये जाऊन मंजूर आणि खर्च या दोन कॉलममधलं अंतर बघायचं, आणि ते अंतर पगाराच्या ओळीत किती आहे ते बघायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, जादा पैसा मंजूर केला म्हणून माणूस आपोआप येत नाही.

लोक का जातात याची कारणं बजेटमध्ये लिहिलेली नसतात पण ती माहीत नसतील तर आकडे मुके राहतात. पगार हे एक, पण फक्त तेच नाही. ट्रेनिंग संपलेल्या प्रायव्हेटला, म्हणजे सगळ्यात खालच्या रँकच्या सैनिकाला, मिलिटरी सर्व्हिस अलाउन्स धरून आता चाळीस हजार युरोच्या वर मिळतात, सुरुवातीला हे काही वाईट नाही. दुखणं पुढे आहे. २०१३ नंतर भरती झालेल्यांना सगळ्या सरकारी नोकरांसाठी असलेली नवीन पेन्शन स्कीम लागू झाली, ती जुन्यापेक्षा बरीच कमी, आणि सैनिकाला इतरांपेक्षा लवकर रिटायर व्हावं लागतं त्यामुळे त्याला ती जास्त बोचते. दुसरं, युरोपियन युनियनचा वर्किंग टाइम डायरेक्टिव्ह, किती तास काम आणि किती विश्रांती, तो सैन्याला नीट लागू करायला आयर्लंडने प्रचंड वेळ लावला, जवानांची संघटना पीडीफोरा आणि ऑफिसर्सची राको, दोघीही यावर वर्षानुवर्षं भांडतायत. आणि तिसरं, ज्यावर बोलायला लोक कचरतात, २०२१ मध्ये माजी महिला सैनिकांनी लैंगिक छळ आणि दादागिरीबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केली, २०२३ मध्ये स्वतंत्र समितीचा रिपोर्ट आला आणि तो फार वाईट होता, २०२४ मध्ये चौकशीसाठी ट्रिब्युनल नेमलं. सैन्यात बायका सातेक टक्के. अर्धी लोकसंख्या जिथे यायला कचरते तिथे भरतीची जाहिरात कितीही चकाचक केली तरी काय होणार. भरतीचं वय २०२४ मध्ये ३९ पर्यंत वाढवलं, ते ठीक आहे, पण ते पुढच्या दरवाजाचं झालं.

पुढची पायरी, प्लॅन वाचणे. २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारने सैन्याबद्दल एक कमिशन नेमलं, त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये रिपोर्ट दिला, आणि तो खरंच वाचनीय आहे, सरकारी रिपोर्ट इतका सरळ बोलत नाही सहसा. त्यात तीन लेव्हल दिल्या. लेव्हल एक म्हणजे आहे तेच ढकलत राहणे. लेव्हल दोन म्हणजे मोठ्या भोकांना ठिगळं लावणे, रडार आणणे, जहाजं चालती करणे. लेव्हल तीन म्हणजे आपल्या आकाराच्या इतर युरोपियन देशांसारखं पूर्ण सैन्य, फायटर जेट वगैरे धरून, त्याला वर्षाला ३ अब्जांच्या आसपास. जुलै २०२२ मध्ये सरकारने लेव्हल दोन घेतली, २०२८ पर्यंत वर्षाला १.५ अब्ज, आणि माणसं २,००० वाढवून ११,५००.

इथे दोन सापळे आहेत, दोन्ही नीट बघा.

पहिला, तो १.५ अब्ज हा २०२२ च्या किमतींमध्ये आहे. २०२६ च्या बजेटमध्ये डिफेन्सला १.५ अब्ज दिले आणि लगेच काही ठिकाणी असं वाचायला मिळालं की दोन वर्षं आधीच टार्गेट गाठलं. नाही गाठलं. आयर्लंडमध्ये २०२२ मध्ये महागाई सरासरी ७.८ टक्के आणि २०२३ मध्ये ६.३ टक्के होती, त्यानंतरही थोडी थोडी वाढतेच आहे, म्हणजे २०२२ चं दीड अब्जाचं सामान घ्यायला आता दहा टक्क्यांहून जास्त पैसे लागणार. आणि हत्यारांची महागाई भाजीच्या महागाईपेक्षा जास्त असते, त्यात युक्रेन युद्धानंतर सगळा युरोप एकाच दुकानासमोर रांगेत उभा. कुठलंही टार्गेट वाचताना "कुठल्या वर्षाच्या किमतीत" हे शब्द शोधा, नसतील तर संशय घ्या.

दुसरा सापळा, पैशाचं टार्गेट जवळ येतंय आणि माणसांचं दूर. पैसा २०२२ च्या १.१ वरून २०२५ मध्ये १.३५ आणि २०२६ मध्ये १.५. माणसं ९,५०० लाच पोचली नाहीत, ११,५०० कुठून. दोन्ही रेषा एका कागदावर काढा, एक वर जाते आणि दुसरी आडवी पडलेली. मला विचाराल तर आयर्लंडच्या डिफेन्सची सगळी गोष्ट या दोन रेषांमध्ये आहे, बाकी न्यूट्रॅलिटीवरचे वाद नंतर.

हे महत्त्वाचं का, तर आता खरेदी सुरू झाली आहे. २०२६ ते २०३० साठी भांडवली खर्चाला १.७ अब्ज ठेवलेत. जहाजामागून ओढायचं सोनार, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू आवाजावरून शोधणारं यंत्र, फ्रान्सच्या थालेसकडून, जून २०२५ मध्ये करार, २०२७ मध्ये यायचंय. रडार, जे आजवर नव्हतंच, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, विमानाची ओळख आपोआप कळवणारं यंत्र, बंद करून कुणी विमान आणलं तर देशाला स्वतःच्या मिलिटरी रडारवर ते दिसायची सोयच नाही, ते पण येणार. छान आहे. पण सोनार ओढायला जहाज समुद्रात पाहिजे, जहाजाला क्रू, आणि सोनारच्या स्क्रीनसमोर बसून व्हेल कुठला आणि पाणबुडी कुठली हे कळणारा माणूस पाहिजे, तो आज सैन्यात जवळजवळ नाही कारण हे कामच नव्हतं. म्हणून कुठल्याही नवीन खरेदीपुढे पेन्सिलने लिहायचं, हे चालवणार कोण, किती जण, शिकणार कधी.

गरज किती आहे ते समुद्राच्या नकाशावरून कळतं. देशाची जमीन ७०,००० चौरस किलोमीटर, आणि समुद्रातला आर्थिक पट्टा त्याच्या सहापट. अमेरिका आणि युरोपमधल्या इंटरनेट केबलचा मोठा हिस्सा इथून किंवा इथल्या जवळून जातो. जानेवारी २०२२ मध्ये रशियन नेव्हीने नैऋत्य किनाऱ्यापासून साधारण २४० किलोमीटरवर सराव करायचं ठरवलं, तेव्हा कोण उभं राहिलं, तर मच्छीमार, म्हणाले आमची मासेमारीची जागा आहे आम्ही बोटी घेऊन जाणार, आणि रशियाने सराव खरंच बाहेर हलवला. मच्छीमारांचं कौतुक आहे, पण देशाचं धोरण म्हणून हे किती वेळा चालणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये यांतार हे रशियन जहाज आयरिश समुद्रात केबलच्या भागात फिरत होतं, तेव्हा त्याला एस्कॉर्ट करून बाहेर काढावं लागलं.

परदेशातल्या मोहिमा पण हिशोबात घ्या, हे बऱ्याचदा राहून जातं. लेबनॉनमध्ये यूएनच्या मिशनवर आयरिश सैनिक १९७८ पासून जातायत, ४८ जणांचा तिथे जीव गेलाय, देशाला त्याचा अभिमान आहे आणि रास्त आहे. गेल्या काही वर्षांत एका वेळी तिथे साडेतीनशेच्या आसपास. सहा महिन्यांनी बदली. म्हणजे साडेतीनशे तिथे, साडेतीनशे जायची तयारी करतायत, साडेतीनशे नुकतेच परत आलेत. हजाराच्या वर माणूस एका मिशनमध्ये अडकला, साडेसात हजारातला. त्यामुळेच २०२४ मध्ये सिरियाच्या सीमेवरच्या गोलानमधल्या यूएन मिशनमधून आयर्लंडने सैनिक काढून घेतले, कारण युरोपियन युनियनच्या बॅटलग्रुपला, म्हणजे तातडीने पाठवायच्या संयुक्त तुकडीला, शब्द दिलेला आणि दोन्हीकडे पुरत नव्हते. लेबनॉनचं मिशन २०२६ च्या शेवटी संपवायचं सिक्युरिटी कौन्सिलने ठरवलंय, तेव्हा ही माणसं मोकळी होतील. पण एक गोष्ट आहे, बऱ्याच तरुणांना सैन्यात येण्याचं आकर्षणच परदेशातली ड्युटी आणि तिथला भत्ता हे आहे. ते गेलं की काय होतं ते २०२७ च्या भरतीच्या आकड्यांत बघायचं.

दुसऱ्या देशाशी तुलना करायची हौस येणारच, ती करा पण सारख्याला सारखं लावा. फिनलंडची लोकसंख्या जवळपास तेवढीच, ५६ लाख, आणि युद्धकाळात २,८०,००० सैनिक उभे करू शकतो. हे वाचून आयर्लंडला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिथे सक्तीची सैन्यसेवा आहे, शेजारी रशिया आहे, १,३०० किलोमीटरची सीमा आहे. ऑस्ट्रिया पण न्यूट्रल, आणि तिथे २०१३ मध्ये जनमत घेतलं तर लोकांनी सक्तीची भरती ठेवायच्या बाजूने मत दिलं. डेन्मार्कने २०२५ पासून मुलींनाही त्यात आणलं. आयर्लंडमध्ये हा विषय कुणी काढत नाही, १९१८ मध्ये ब्रिटिशांनी तिथे सक्तीची भरती आणायचा प्रयत्न केला तेव्हा अख्खा देश पेटला होता, ती आठवण अजून राजकारणात जिवंत आहे. मग उरतो रिझर्व्ह, म्हणजे राखीव सैन्य, त्याच्या जागा चार हजारांवर आणि भरलेल्या दोन हजारांच्याही आत, म्हणजे बॅकअपलाच बॅकअप हवाय.

शेवटचं एक कामाचं. डॉलमधली उत्तरं वाचताना तीन गोष्टी तपासा. एक, आकडा डोक्यांचा आहे की पूर्णवेळ पदांचा, दोन्हीत थोडा फरक पडतो. दोन, ट्रेनिंगमधले रिक्रूट आणि कॅडेट त्यात धरलेत का, बहुतेक वेळा धरलेले असतात, म्हणजे प्रत्यक्ष ड्युटीवर पाठवता येणारे त्याहून कमी. तीन, तारीख कुठली. नवीन बॅच आत आल्याच्या आठवड्यातला आकडा घेतला की चित्र गुलाबी दिसतं, आणि त्यातले काही ट्रेनिंग संपायच्या आधीच परत जातात. ३१ डिसेंबरचा आकडा घ्या, दरवर्षी तोच, आणि रँकप्रमाणे फोड मागून घ्या. सार्जंट आणि कॉर्पोरलच्या ओळी आधी बघा, प्रायव्हेटची ओळ सगळ्यात शेवटी.